तारेवरचं वजन

माझी परीक्षा एका कॉलरवर झाली. टेबलावर साधारण 22 इंचांची एक बाहुली आडवी ठेवली होती. शेजारी राखाडी कापडाचा तुकडा, कात्री, सुया आणि दोन रिळं. समोरच्या बाई म्हणाल्या, हिला कॉलर शिवून दे, घाई नाही. मी बाहुली उचलली आणि तिचं डोकं एकदम मागे कलंडलं. हातात लहान बाळ घेतल्यावर नकळत मान सावरतो, तशी मी तिची मान सावरली. त्या बाईंनी ते पाहिलं. मला वाटतं काम तिथेच मिळालं, कॉलर नंतर शिवली.

ही 1967च्या सुरुवातीची गोष्ट. गाव स्लाव, लंडनच्या पश्चिमेला. आता ते बर्कशायरमध्ये मोडतं, तेव्हा बकिंगहॅमशायरमध्ये होतं. आदल्या वर्षी लग्न होऊन मी कुडाळहून इथे आले होते. हे ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका कारखान्यात फिटर होते. इस्टेट म्हणजे मैलोगणती एकसारख्या विटांच्या शेड. मार्स चॉकलेटचा कारखानाही तिथलाच, त्यामुळे वारा फिरला की सगळ्या रस्त्याला गोड वास यायचा. त्याच शेडांमध्ये, स्टर्लिंग रोडवर, टीव्हीसाठी बाहुल्यांच्या मालिका तयार व्हायच्या. बाहेरून बघणाऱ्याला तिथे बिस्किटं बनतात की पंखे, काही कळलं नसतं. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई तिथे शिवणकाम करायच्या. जिन्यात मी परकराची दुमड हाताने घालत बसले होते, ते पाहून त्यांनी विचारलं, येतेस का.

या मालिका काढणाऱ्या जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांचं नाव तोवर इंग्लंडमध्ये घराघरात पोचलं होतं. त्यांची ‘थंडरबर्ड्स’ ही मालिका 1965च्या सप्टेंबरात सुरू झाली होती आणि पोरं त्या खेळण्यांसाठी दुकानांपुढे उभी राहायची. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होत्या त्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या. पिंगुळी आमच्या कुडाळला लागूनच. लहानपणी देवळात रामायणाचा खेळ बघितला होता. मोजक्या दोऱ्यांवर लाकडी रावण नाचायचा, दोरे सगळ्यांना दिसायचे, धरणाऱ्याचे हात दिसायचे, तरी आम्ही सीतेसाठी रडायचो. स्लावमध्ये पहिल्याच दिवशी मला सांगितलं गेलं की तार दिसली तर शॉट फुकट. हा फरक समजायला मला वर्ष गेलं.

मी रुजू झाले तेव्हा ‘कॅप्टन स्कार्लेट’चं चित्रीकरण नुकतंच सुरू होत होतं. एकूण 32 भाग. या मालिकेसाठी बाहुल्या नव्याने घडवल्या होत्या, आणि का, ते परीक्षेच्या दिवशी माझ्या हातात आलेल्या जुन्या बाहुलीच्या मानेने मला आधीच सांगितलं होतं. जुन्या बाहुल्यांच्या फायबरग्लासच्या पोकळ डोक्यात ओठ हलवायची यंत्रणा असायची: तारेचं वेटोळं, त्यात वीज आली की लोखंडी खुंटी ओढली जाते आणि खालचा ओठ उघडतो, वीज गेली की स्प्रिंग तो मिटवते. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असत. त्या टेपवरच्या आवाजातून विजेचे ठोके निघत आणि बाहुलीला वरून धरणाऱ्या तारांपैकी दोन तारांमधूनच ते ठोके डोक्यापर्यंत पोचत. म्हणजे तार नुसती उचलायची नाही, बोलवायचीसुद्धा. पण ते वेटोळं मावायचं तर डोकं मोठं हवं, म्हणून जुन्या बाहुल्या मोठ्या डोक्याच्या, मुलांसारख्या दिसायच्या. ‘कॅप्टन स्कार्लेट’मध्ये यंत्रणा छातीत गेली आणि डोकं माणसाच्या प्रमाणात आलं. हुबेहूब लहान माणूस. बुबुळांसाठी तर खऱ्या माणसांच्या डोळ्यांचे फोटो वापरले होते.

आम्हा शिवणाऱ्यांसाठी याचा अर्थ असा की छातीत एक डबी आहे, ती बिघडली की दोन मिनिटांत हाताला लागली पाहिजे, आणि तरी पुढून अंगरखा अंगासरशी बसला पाहिजे. म्हणून सगळे कपडे पाठीत उघडणारे शिवायचो. पुढे काटेकोर टीप, मागे हूक आणि कच्चे टाके. दोन भाग एकाच वेळी दोन वेगळ्या स्टेजवर चित्रित व्हायचे, त्यामुळे मुख्य पात्रांच्या बाहुल्या दोन-दोन. म्हणजे कपडेही दोन-दोन आणि एकमेकांशी धाग्याइतकेही वेगळे न दिसणारे.

रंगांची तर चंगळ होती. त्या मालिकेत सगळ्या अधिकाऱ्यांची नावंच रंगांवरून: स्कार्लेट, ब्लू, ग्रीन, मॅजेंटा, ऑकर, ब्राउन, ग्रे. ऑकर म्हणजे आपली पिवडी, मॅजेंटा म्हणजे राणी रंग. मी माझ्या वहीत तीच नावं लिहायची, ‘राणीच्या दोन बाह्या’, ‘पिवडीचा मुंढा उसवला’. कपड्यांची कल्पना सिल्व्हिया अँडरसन यांची होती. नेटके, पट्ट्यांचे, भविष्यातले.

आता मला ज्याबद्दल खरं तर लिहायचंय त्याकडे येते.

बाहुलीला वजन नसतं. उचलून पाहिलं तर असतं, पण पडद्यावर ते दिसत नाही, कारण ती जमिनीवर उभी नसते, वरून लटकत असते. माणूस पाऊल टाकतो तेव्हा भार आधी टाचेवर येतो, मग गुडघा किंचित वाकतो, खांदा खाली येतो. बाहुलीचं सगळं उलट. वरची तार सैल झाली म्हणून पाऊल खाली येतं. ती चालायला लागली की पाण्यावर बूच तरंगावं तशी दिसते. बुटांत वजन घाला, गुडघ्याचा सांधा घट्ट करा, काहीही करा, तरंगणं जात नाही. मोठ्या डोक्याच्या बाहुल्यांना प्रेक्षक ते माफ करायचे, कारण त्या बाहुल्याच दिसायच्या. नव्या बाहुल्या माणसांसारख्या दिसू लागल्या आणि त्यांचं तरंगणं खटकू लागलं.

मग चालणं टाळायचं. पायाखालचा भाग चौकटीबाहेर ठेवायचा. गाडीत, विमानात बसवायचं. बसलेल्या बाहुलीला तारा नसल्या तरी चालतं, तिला खालून कांड्यांनी हलवता येतं. मालिकेतलं ते नियंत्रण कक्षाचं दृश्य ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी आठवून बघावं. कर्नल व्हाइटचं टेबल गोल फिरतं आणि लेफ्टनंट ग्रीनची खुर्ची लांबलचक यंत्रासमोर इकडून तिकडे सरकत जाते. बघणाऱ्याला वाटतं, काय ते शंभर वर्षांपुढचं तंत्रज्ञान. आम्हाला माहीत होतं की तो उठून चालू नये म्हणून खुर्ची चालते. अडचणीतून इतकं देखणं काही निघू शकतं, हे मी तिथे शिकले.

माझ्या वाट्याला आलेलं वजन कापडाचं होतं. बाहुली माणसाच्या एक तृतीयांश. पण कापडाला कुठे माहीत असतं ते कोणाच्या अंगावर आहे! खऱ्या कोटाचं कापड घेतलं तर बाहुलीच्या अंगावर ते पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. पातळ रेशीम घेतलं तर फुग्यासारखं फुलतं. नायलॉन तर चुरगळून सोडलं की स्वतःच उसळी मारून सरळ होतं, म्हणून कृत्रिम धाग्यांपेक्षा सुती, रेशमी, लोकरी कापडच बरं पडायचं. ते निदान इस्त्रीचं ऐकतं. चौकट्या आणि फुलांची नक्षी तर नकोच, बाहुलीच्या छातीवर एकच फूल मावायचं. आमच्याकडे जुन्या साड्या, मऊ पडलेले रुमाल, उसवलेले ब्लाउज यांची पिशवीच असायची, कारण धुऊन धुऊन जून झालेलं कापड नव्या कापडापेक्षा शहाण्यासारखं पडतं. माझी एक जुनी इंदुरी साडी त्या पिशवीत गेली. तिचं अस्तर कितीतरी पाहुण्या पात्रांच्या कोटांना आहे.

पाहुणी पात्रं म्हणजे दर भागापुरती येणारी माणसं. त्यांच्यासाठी बाहुल्यांचा एक ठरलेला ताफा होता. एकाच डोक्याला या भागात मिशी, पुढच्या भागात चष्मा, त्यापुढच्या भागात पांढरे केस. चेहरा तोच, पण केस बदलले, भुवई थोडी वर नेली आणि कॉलर वेगळी केली की पोरांना कळायचं नाही. डोकी बदलायच्या त्या टेबलापाशी मी फावल्या वेळात उभी राहायची. क्रिस्टीन ग्लॅनव्हिल आणि मेरी टर्नर या दोघींचं नाव त्या विभागात आदराने घेतलं जायचं. दोघी बाहुल्या घडवणाऱ्याही आणि चालवणाऱ्याही. मातीत चेहरा घडवलेला हातच पुढे वरच्या पुलावरून त्या चेहऱ्याची मान वळवतो, हे मला फार योग्य वाटायचं.

पूल म्हणजे सेटच्या वर आडवा टाकलेला अरुंद लाकडी मजला. चालवणारे तिथे कठड्यावरून ओणवे उभे. खाली पाहिलं तर त्यांना बाहुलीची टाळू दिसणार, चेहरा नाही. म्हणून कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या टीव्हीवर बघून काम करायचं. ती सवय लागायला किती दिवस जात असतील ते त्यांचं त्यांना माहीत. तार होती टंगस्टनची, एका इंचाच्या 200व्या भागाइतकी जाड. केसाहून थोडी जाड. पिळली तर कायमची मोडते, तिला पडलेली घडी पुन्हा सरळ होत नाही. आणि वर प्रखर दिवे. दिव्यांचा उजेड तारेवर पडला की कोळ्याच्या जाळ्यावर दव पडल्यासारखी ती चमकते.

ती चमक घालवायचं काम काही महिने माझ्याकडे आलं. रबरी फुग्यात रंगाची भुकटी भरायची आणि शिडीच्या घोड्यावर चढून तारेवर हलकेच फुंकायची. तारेचा जो भाग मागच्या राखाडी भिंतीसमोर येतो तिथे राखाडी, वर निळं आकाश असेल तिथे निळा, दाराची चौकट आडवी येत असेल तर तेवढ्याच बोटभर जागेत तपकिरी. बाहुली दोन पावलं सरकली की सगळं पुन्हा. रांगोळीत हात बसलेला असल्यामुळे भुकटी किती सोडायची ते मला पटकन जमलं. कॅमेऱ्यातून बघणारा माणूस बोटानेच खूण करायचा, थोडं वर, थोडं डावीकडे. आणि मग एक क्षण यायचा की त्याचं बोट थांबायचं. तार तिथेच आहे, मला स्वच्छ दिसतेय, पण त्याच्या डोळ्याला ती गेली.

माझ्या हातून एक मोठी चूकही झाली, तीही वजनापायीच. एका भागात म्हाताऱ्या पात्राला लांब ओव्हरकोट होता. बाहुली वळली की कोट तिच्याबरोबर वळायचा आणि तिच्याबरोबरच थांबायचा. ते खोटं दिसत होतं. माणूस थांबला की कापड एक क्षण मागाहून थांबतं, जड कोट तर नक्कीच. मला आमच्याकडचं मासे धरायचं पागाचं जाळं आठवलं. त्याच्या कडेने शिशाचे मणी ओवलेले असतात, म्हणून ते फेकलं की गोल पसरतं आणि सरळ तळाला बसतं. मी गळाला लावायचे शिशाचे बारीक मणी आणले, ठोकून चपटे केले आणि कोटाच्या दुमडीत अर्ध्या-अर्ध्या इंचावर टाचले. टेबलावर कोट असा काही पडायला लागला की मी दहादा उचलून सोडून बघितला. कोणाला विचारलं मात्र नाही.

शॉटच्या वेळी बाहुली गर्रकन वळली. कोट फिरला, आणि शिशाच्या ओझ्याने फिरतच राहिला. त्या झोक्याने बाहुली हेलकावली, पाठीकडच्या तारा एकमेकींत अडकल्या, वीज नेणाऱ्या दोन तारा एकमेकींना टेकल्या आणि वाक्याच्या मधेच म्हाताऱ्याचं तोंड बंद पडलं. आवाज चालू, ओठ मिटलेले. एका तारेला घडी पडली, म्हणजे ती बदलावी लागणार. वर पुलावर कोणी रागावलं नाही. सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि नव्या तारा ओवायला घेतल्या, हेच मला जास्त लागलं. पाऊण तास मी कोटाची दुमड उसवत बसले होते. सगळं शिसं काढलं नाही. पुढचे मणी काढले, मागच्या शिवणीपाशी चार ठेवले आणि समोरच्या दोन कोपऱ्यांत एक-एक. दुसऱ्या वेळी कोट वळला, बाहुली थांबली आणि अर्ध्या श्वासाने कोट थांबला. पुलावरून कोणीतरी खाली वाकून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतर माझ्या डब्यात शिशाचे मणी कायम असायचे, पण पुलावर दाखवल्याशिवाय एकही टाचला नाही.

पुढे काही आठवडे मला शेजारच्या इफेक्ट्सच्या शेडमध्ये मदतीला पाठवलं. तिथलं जग वेगळंच. डेरेक मेडिंग्ज हे तिथले प्रमुख. पुढे त्यांनी बाँडपटांची कामं केली, ‘सुपरमॅन’च्या कामासाठी ऑस्करही मिळालं. पण मला आठवतं ते त्यांच्या शेडमधलं जुनेपण. नवं कोरं मॉडेल कधीही कॅमेऱ्यासमोर जायचं नाही. विमान तयार झालं की त्याच्यावर पेन्सिलीने पत्र्याच्या जोडांच्या रेघा, शिसपेन्सिलीची भुकटी चोळून तेलाचे ओघळ, धुराचे काळे डाग. प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या जहाजांचे आणि रणगाड्यांचे सुटे भाग चिकटवून यंत्रांची गर्दी करायची. वापरलेली वस्तू जड वाटते, नवी हलकी. आपल्या घरातल्या पितळेच्या पातेल्याकडे पाहिलं तरी हे पटावं.

त्या शेडमध्ये पहिल्या दिवशी मला एक पोतं दाखवलं. फुलर्स अर्थ, म्हणाले, चाळून ठेव. पोत्यात हात घातला आणि वासाने ओळखलं. ही तर मुलतानी माती! आईच्या मोरीतल्या कोनाड्यात शिकेकाईच्या डब्याशेजारी हिची पुडी असायची. इथे ती स्फोटासाठी होती. साधी माती उडवली तर कणांवरून लगेच कळतं की ती मूठभर माती आहे, ढेकूळ तर शिळेएवढं दिसतं. मुलतानी माती इतकी बारीक की तिचा लोट खऱ्या धुळीच्या डोंगरासारखा वर चढतो. मी ती आई औषधं करायची तशी वस्त्रगाळ करायला घेतली, जुन्या मलमलीतून. ते सगळ्यांना आवडलं. मग ते काम माझंच झालं. संध्याकाळी घरी गेले की हे म्हणायचे, आज चेहऱ्याला काय लावलंस.

पण नुसती बारीक माती पुरत नाही, वेळसुद्धा ताणावा लागतो. हे मला तिथल्या एका कॅमेरामनने कागदावर आकडे लिहून समजावलं होतं. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी दाखवतात. स्फोट मात्र सेकंदाला 96 किंवा 120 चित्रांनी घ्यायचा. मग शेडमध्ये डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपलेला भडका पडद्यावर चार-पाच पट रेंगाळतो. हातभर उंचीचा मनोरा खऱ्या मनोऱ्यासारखा सावकाश कोसळतो, कारण मोठ्या वस्तूला खाली यायला वेळ लागतो हे आपल्या डोळ्यांना पाठ असतं. पुन्हा तेच, वजन. पाणी मात्र कोणाचं ऐकायचं नाही. थेंब लहान करता येत नाही. समुद्राचे शॉट असले की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

धावणाऱ्या गाड्यांची युक्ती मला सगळ्यात आवडायची. गाडी जागच्या जागी उभी, तिच्या खालचा रस्ता पळायचा. कापडाचा अखंड पट्टा, दोन टोकांना रूळ, खाटेची नवार फिरावी तसा फिरणारा. मागे झाडांचा दुसरा पट्टा जरा हळू, त्याच्या मागे डोंगरांचा आणखी हळू. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, पण एसटीच्या खिडकीतून कोणीही हे पाहिलेलं असतं, जवळचे खांब पळतात आणि लांबचा डोंगर सोबत चालतो. चाकांमागे धूळ उडवायला गाडीच्या पोटात रॉकेटची बारीक कांडी बसवलेली असायची. या शेडमधून मी परत शिवणाला आले तेव्हा माझ्या सगळ्या साड्यांना जळक्या दारूचा वास होता.

आता एका हाताबद्दल.

बाहुलीच्या बोटांना बटण दाबता येत नाही, पेन धरता येत नाही. असा शॉट आला की खरा माणसाचा हात घ्यायचे, तसेच कपडे घालून, जवळून. एका भागात पाहुणं पात्र सावळ्या वर्णाचं होतं, आणि हात हवा होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आनंद झाला, हे सांगायला हवं. त्या काळी स्लावमध्ये खोली शोधताना आम्हाला काय काय ऐकावं लागलं होतं ते इथे नको, पण 1968च्या एप्रिलमध्ये खासदार इनॉक पॉवेल यांचं बाहेरून आलेल्यांविरुद्धचं भाषण झालं आणि त्यानंतर बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायला लागली, एवढं सांगते. त्याच्या आदल्या वर्षी, त्याच देशातल्या मुलांच्या मालिकेत लेफ्टनंट ग्रीन हा काळा अधिकारी होता. तोंडी लावायला नव्हे, कर्नलच्या उजव्या हाताशी. त्याला आवाज दिला होता साय ग्रँट यांनी. ते ब्रिटिश गयानात जन्मलेले, महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात लढलेले. विमान चालवणारी मेलडीही काळी. मी त्या दोघांचे कपडे शिवताना टीप जरा जास्तच सरळ घालायची.

तर माझा हात. त्यासाठी मीच त्या पात्राची बाही माझ्या मापाने शिवली. बाहुलीची बाही माझ्या बोटांवर टोपणासारखी बसायची, आणि ही माझ्या दंडापर्यंतची. दोन्ही एकाच कापडाच्या. शेजारी ठेवल्या तर कापड वेगळं वाटायचं, लहान बाही ताठ, मोठी लोळणारी. पोत जुळावा म्हणून मोठ्या बाहीला आतून खळ लावली.

आणि मग म्हणाले, बांगड्या काढ.

हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. कुडाळहून येताना आईने भरलेल्या. त्यातल्या प्रवासात दोन वाढवल्या होत्या, बाकीच्या होत्या. त्यांना काय सांगणार? इंग्रजीत ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि असते तरी सगळं युनिट दिवे लावून थांबलेलं. मी म्हटलं, एक मिनिट. बाजूला गेले, बांगड्या कोपराकडे जेवढ्या सरकतील तेवढ्या सरकवल्या, वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळली आणि बाही चढवली. काच दाबली जाऊन हातात रुतत होती. आवाज येणार नव्हता, दिसणार नव्हतं. मी टेबलापाशी बसले.

बटण दाबायचं, एवढंच. पहिला शॉट रद्द झाला. दुसराही. चुकत काहीच नव्हतं, पण हात फार जिवंत दिसतोय, असं म्हणत होते. आधीच्या शॉटमधली बाहुली आणि हा हात एकाच अंगाचे वाटत नव्हते. माझी बोटं बटणाकडे जाताना आपोआप सैलावत होती, बटण दाबलं की मनगट किंचित खचत होतं. ज्या वजनासाठी वर्षभर शिसं टाचत होतो, ते माझ्या हाताला फुकट होतं आणि तेच नको होतं. तिसऱ्या वेळी मी पुलावरच्या लोकांचे हात आठवले. मनगट वरून कोणीतरी धरलंय असं समजून हात नुसता सोडला. तो शॉट झाला. चिकटपट्टी काढताना एक बांगडी वाढवली. ती मी घरी कोणाला सांगितली नाही.

हा सगळा रंगांचा खटाटोप आम्ही बघितला मात्र काळ्या-पांढऱ्यात. मालिका रंगीत चित्रित व्हायच्या, कारण परदेशी, विशेषतः अमेरिकी वाहिन्यांना विकायच्या होत्या, पण इंग्लंडमध्ये त्या ज्या आयटीव्ही वाहिनीवर लागायच्या तिथे रंग आला तो थेट 1969च्या नोव्हेंबरात. 1967च्या शरदात आमच्या भाड्याच्या टीव्हीवर लाल कॅप्टन आणि हिरवा लेफ्टनंट एकाच राखाडी कपड्यात बसले होते. मी ह्यांना सांगायची, हा लाल बरं का. आणि हा राणी.

‘कॅप्टन स्कार्लेट’नंतर ‘जो 90’ झाली, 30 भागांची, आणि मग ‘द सीक्रेट सर्व्हिस’. तिच्यात चालण्याचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सुटला. मुख्य पात्राची बाहुली स्टॅन्ली अन्विन या विनोदी कलाकाराच्या चेहऱ्याची, आणि लांबच्या शॉटमध्ये चालायला, गाडी चालवायला स्वतः अन्विनच. चालणं माणसाचं, बोलणं बाहुलीचं. मी त्यांचे काळे पाद्र्याचे कपडे दोन मापांत शिवलेले पाहिले तेव्हाच वाटलं होतं की हे आता माणसांकडे चाललंय. 13 भागांवर ती मालिका थांबली आणि 1969 साली बाहुल्यांचं काम बंद झालं. पुढच्या मालिका खऱ्या नटांच्या. इफेक्ट्सच्या लोकांना काम होतं, आम्हाला नव्हतं. मला तेव्हा पाचवा महिना होता. मी घरी बसून ब्लाउज आणि पडदे शिवायला घेतले आणि तीस वर्षं तेच केलं.

1993 साली बीबीसी टूवर ‘कॅप्टन स्कार्लेट’ पुन्हा लागली. मुलगा कामावरून फोन करून म्हणाला, आई, टीव्ही लाव. हे निवृत्त झाले होते, दोघं बसलो. पडद्यावर पहिल्यांदा रंग पाहिले. राणी खरंच राणी होता, पिवडी थोडी फिकी वाटली. मी चेहऱ्यांकडे बघतच नव्हते, कोटांच्या कडांकडे बघत होते. हे विचारत होते, यातलं तुझं कुठलं, आणि मी सांगेपर्यंत दृश्य निघून जायचं. म्हणून मुलाने पुढचे सगळे भाग व्हिडिओवर उतरवून ठेवले.

तो हाताचा शॉट सापडला तेव्हा मी चित्र थांबवायला सांगितलं. चार-पाच सेकंदांचाही नाही. सावळा हात, माझ्या खळीची बाही, बटण. मुलगा म्हणाला, हात छान आलाय. मी बाहीच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होते, जिथे चौकट संपते तिथे. कापडाला तिथे बारीकसा उंचवटा होता, एकाला एक लागून चार कडा.

मी ह्यांना बोट लावून दाखवलं.